चार मिनिटं अलीकडे

पोरं प्रश्न विचारणार आणि मी उत्तरं देणार, हाच माझा चाळीस वर्षांचा धंदा. शाळेतून निवृत्त झालो, तरी भुईगावच्या घरी शिकवणीला पाच-सहा जण येतातच. सर, पृथ्वी एवढी गरगर फिरते, मग आपल्याला चक्कर का येत नाही? विमान नुसतंच वर थांबून राहिलं तर खाली अरबस्तान येईल का? अरे बाबांनो, आपण, हवा, विमान, सगळंच तिच्याबरोबर फिरतंय. कुणी मागे राहत नाही. पोरं मान डोलावतात. समजलेलं नसतं, पण मान डोलावतात.

मग मी उलटा प्रश्न टाकतो. एका फेरीला किती वेळ? सगळे एका सुरात चोवीस तास. चूक! तेवीस तास छप्पन्न मिनिटं. फेरी पूर्ण होते तोवर पृथ्वी सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला आणखी चार मिनिटं लागतात. ताऱ्याला ती लागत नाहीत. काल सात चाळीसला उगवलेला तारा आज सात छत्तीसला उगवतो. याला पुरावा काय, असं एकाही पोराने आजवर विचारलेलं नाही.

आमचा केयूर गेल्या ऑक्टोबरात गेला. एकुलता एक, एकोणतीस वर्षांचा. त्या सकाळी तो म्हणाला, "बाबा, स्कूटरचा ब्रेक नीट लागत नाहीये. स्टेशनपर्यंत रिक्षाने जातो." मी घड्याळात बघितलं. सात तेरा. "रिक्षाची वाट बघत बसलास तर गाडी चुकेल. घे स्कूटर, काय होतंय!" त्याने कधी माझा शब्द मोडला नाही. तेव्हाही मोडला नाही. संध्याकाळी परत येताना माणिकपूरच्या पुढच्या वळणावर समोर टँकर आला आणि ब्रेक लागला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मंदाला, माझ्या बायकोला, सांगायची गरज नव्हती. ती तेव्हा तिथेच चहा गाळत उभी होती.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी, तीन नोव्हेंबरला, संध्याकाळी सात चाळीसला दारावरची बेल वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब. घरी आल्यावर केयूर तशीच वाजवायचा. दार उघडलं तर अंगणात कुणी नाही. वाटलं, गल्लीतल्या कुणाची तरी मस्करी. दुसऱ्या दिवशी सात छत्तीसला तेच. शेजारच्या थॉमसला बोलावलं. तो विजेची कामं करतो.

"सर, वायर एकदम ओके हाय. पावसात पाणी गेला असंल. काढूनच टाकू का?"

काढली. वायरची दोन टोकं भिंतीतून बाहेर आलेली, बेल पिशवीत घालून माळ्यावर. तिसऱ्या दिवशी सात बत्तीसला ती वाजली. माळ्यावरून नाही, दारावरूनच. थॉमस तेव्हा ओट्यावर बसला होता. त्याने क्रूसाची खूण केली, चहा अर्धा ठेवला आणि गेला.

मी वहीत वेळा लिहायला लागलो. दुसरं काय करणार? रोज चार मिनिटं अलीकडे, किंचित कमी. जानेवारीत ती चारच्या आत आली. मार्च लागला तेव्हा बेल पावणेबाराला, वाडीतले गडी केळीला पाणी देत असताना. त्यांना ऐकू येत नव्हती. थॉमसने ऐकली होती, पण आता फक्त आम्हा दोघांनाच येत होती. मी दर वेळी दार उघडायचो आणि दर वेळी अंगण रिकामं असायचं. सहा महिन्यांत सवय काही झाली नाही.

एके दिवशी मंदाने वही पुढे ओढली. "अहो, अशीच अलीकडे येत राहिली तर सात तेराला कधी पोचेल?"

मी गणित केलं. करायला नको होतं. "बारा मे. सकाळी."

"तो निघाला ती वेळ."

"हो."

"मग तेव्हा त्याला थांबवता येईल."

मंदा, असं काही नसतं, म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझ्याही मनात नेमकं तेच होतं, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

बारा मेला ती पहाटेच नाहली. चहाचे तीन कप मांडले. सातला आम्ही पुढच्या दाराशी येऊन बसलो. दार आतून कडी घालून बंद.

"बेल वाजली की लगेच उघडू," मी म्हटलं.

"बेल कशी वाजेल?" मंदा हळूच म्हणाली. "तो बाहेर कुठाय? तो घरातून निघतोय."

मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

सात तेरा. बेल वाजली नाही.

आमच्या डोळ्यांदेखत कडी किंचित उचलली गेली.

"केयूर," मी म्हटलं. "स्कूटर नेऊ नको रे. चुकलं माझं. रिक्षाने जा. गाडी चुकली तर चुकू दे."

मंदाने कडीवर हात दाबला. "जाऊच नको," ती म्हणाली. "कुठेच जाऊ नको."

कडी खाली बसली.

दुसऱ्या दिवशी हिशेबाने सात नऊ यायला हवे होते. सात नऊला काही झालं नाही. सात तेराला कडी हलली. त्यानंतर रोज सात तेरालाच. आता ऑगस्ट आलाय. बाहेरचे तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतायत, आमच्या घरात सात तेराचे सात तेराच. आम्ही मागच्या दाराने ये-जा करतो. मंदा आता दोन वेळ नीट जेवते, गुणगुणतेसुद्धा. रोज सात वाजता ती कडीवर हात ठेवून उभी राहते.

मे महिन्यात कडी हलकेच वाजायची, घरच्यांची झोप मोडू नये अशी. हल्ली ती घाईने वाजते. आज गाडी चुकणार, या घाईने. मला ते ऐकवत नाही.

काल मंदाला ताप होता. ती आत पडून होती. सात तेराला मी एकटाच दारापाशी गेलो.

कडी वाजत होती.

"उघडू का रे?" मी विचारलं.

आवाज थांबला. कडी कोयंड्यावरून पुरती उचललेली होती आणि तशीच अधांतरी राहिली होती. माझ्या हाताची वाट बघत होती.

मी हात पुढे केला.

"अहो," आतून मंदाची क्षीण हाक आली, "दार बंद आहे ना?"

माझा हात अजून कडीला लागला नव्हता.

कडी हळूच खाली आली आणि जरासुद्धा आवाज न करता पुन्हा कोयंड्यात बसली.