रसिकरमण आणि धोंडाबाई

“ह्ये अक्षर माझ्या वळखीचं हाय,” तो म्हणाला.

चौसष्ट सालचा श्रावण. लोणावळ्याच्या बाजारातल्या दत्तोबांच्या छापखान्यात मी उभी होते आणि छत्रीचं पाणी माझ्याच पायांवर गळत होतं. कामशेतच्या दवाखान्यातले जन्मनोंदीचे फॉर्म संपले होते. डॉक्टरांनी मला, त्यांच्या नर्सबाईला, हातानं नमुना लिहून छापून आणायला पाठवलं होतं. मालक दत्तोबा जेवायला गेलेले. आत एकटा जुळारी होता, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. तिशीतला, किरकोळ बांध्याचा, बोटांची टोकं काळीभोर. त्यानं माझा कागद घेतला, उजेडासाठी खिडकीशी नेला आणि तिथंच उभा राहिला.

“वरीस झालं, ह्येच अक्षर जुळवतोय म्या.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “रसिकरमण… तुमी व्हय?”

मी दाराकडे पाहिलं. पिवळ्या कव्हरची ती पुस्तकं स्टेशनाबाहेरच्या दुकानात मासिकांच्या खाली लपवलेली असत आणि मागितल्याशिवाय बाहेर निघत नसत. त्यांच्यावर नाव असे रसिकरमण. दत्तोबांनीच ठेवलेलं ते नाव. मजकूर टपालानं येई. लिहिणारी बाई आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“घाबरू नगा,” तो म्हणाला. “म्या कुनाला सांगत न्हाई. फकस्त येक इचारायचं हुतं.”

“काय?”

“तुमच्या पयल्या गोष्टीत बाई नगं म्हणती, आन् तो गडी थांबतो. मला वाटलं, मदलं पान हरवलं. चार दिस धुंडलं. खिळ्यांच्या खणाखाली बी बघितलं.”

भीती होतीच, तरी मला हसू आलं. “मग? सापडलं?”

“न्हाई. मंग फुडं वाचलं. तवा कळलं, पान हुतंच न्हाई.”

त्याचं नाव अंबाजी. परंदवडीचा. परतीच्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि कामशेत येईपर्यंत एकटीच हसत होते. नवऱ्यानं टाकल्यापासूनच्या नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.

माझं नाव धोंडाबाई. माझ्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून मला दगडाचं नाव दिलं, म्हणजे मरणाची नजर पडू नये. मी जगले. सोळाव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी नवऱ्यानं टाकलं आणि दुसरी आणली. मी पुण्याला जाऊन सुईणपणाचं शिकले. असल्या नावाची, असल्या नशिबाची बाई प्रेमाच्या गोष्टी लिहील, आणि त्याही तसल्या, असा संशय कुणाला येणार? ते माझ्या पथ्यावरच पडलं होतं.

लिहायला लावलं ते येसूनं. बावीस वर्षांची, पाचवं बाळंतपण. पवना नदीच्या अंगानं डोंगरातून चौघांनी झोळी करून तिला आणली, तोवर फार रक्त गेलं होतं. दुपारभर मी तिचा हात धरून बसले होते. मध्येच ती शांतपणे म्हणाली, “बाई, तुला पायजे का, असं मला कुनी इचारलंच न्हाई कधी.” मला वाटलं, पाणी म्हणतेय. पाणी नव्हतं. दिवेलागणीला ती गेली. मी गोष्ट लिहिली. तिच्यात येसू जगते, पहिल्यापासून जगते, आणि तिचा माणूस तिच्या केसांतला एकेक काटा काढताना दर काट्याला थांबून विचारतो. ती दोनदा नको म्हणते. तिसऱ्यांदा काटा तीच काढून त्याच्या हातात देते. पुढचंही सगळं लिहिलं, काही झाकलं नाही. बाईला काय आवडतं, कुठे, किती वेळ… बाळंतिणी मला जे सांगत, आणि जे सांगता सांगता गप्प होत, ते सगळं. ही गोष्ट कुठलं मासिक छापणार होतं? पिवळ्या पुस्तकाच्या पाठीवर दत्तोबांचा पत्ता होता, तिथे पाठवली. अशा सहा झाल्या.

फॉर्म आणायला मी गेले. मग फॉर्मातली चूक दाखवायला गेले. चूक नव्हतीच.

“कुटं हाय चूक?” अंबाजीनं फॉर्म उलटा धरून वाचला. खिळे उलटेच वाचायची त्याला सवय.

“नीट बघा. सापडेल.”

“बाई, तुमी चूक काडायला आलाय का मला बघायला?”

“तुम्हाला बघण्यासारखं काय आहे?”

“त्ये मला काय म्हाईत. गोष्टी तुमी लिवता.”

दर मंगळवारी मला लोणावळ्यात काम निघू लागलं. दत्तोबा जेवायला जात तेवढा अर्धा तास आमचा. तो स्टुलावर बसून ओळी जुळवी, मी दारातल्या बाकावर बसून त्याचे हात बघे. बाहेर धुकं इतकं खाली येई की समोरचं दुकान दिसेनासं होई. त्याला माझी वाक्यंच्या वाक्यं पाठ होती. “अक्षर अक्षर उचलून वाचलं की इसरत न्हाई,” तो म्हणे, आणि एखादं नको ते वाक्य अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणून दाखवी. मी पदर तोंडाला लावून रस्त्याकडे बघत बसे.

एका मंगळवारी मात्र तो थट्टा करीना. हातातली खिळ्यांची पट्टी खाली ठेवली.

“माझी बायकू पयल्या बाळंतपणात गेली,” तो म्हणाला. “म्या बी तिला कदी इचारलं न्हाई. वंगाळ न्हवतो म्या. पर इचारायचं असतं, ह्येच म्हाईत न्हवतं. तुमची गोष्ट जुळवताना… हात थांबला माझा.”

त्याचं सांत्वन करावंसं वाटलं आणि नाहीही वाटलं. येसूचा नवराही असाच, वाईट नव्हता.

“बाई,” तो म्हणाला. “तुमचा हात धरू का?”

“काळा होईल.”

“व्हईल.”

“धरा.”

त्यानं हात धरला तो असा, की मला हवा तेव्हा सोडवता यावा. मी सोडवला नाही. दत्तोबांचं खाकरणं रस्त्यावर ऐकू आलं तेव्हा उठले. त्या शिशाचा डाग दोन दिवस मनगटावर होता आणि मी साबण लावला नाही.

आम्हाला बुडवलं ते त्याच्याच मायेनं. छपाईत खराब झालेले कागद त्याच दिवशी जाळायचे, असा छापखान्याचा नियम. तसल्या पुस्तकांचे तर नक्कीच. अंबाजीला माझे कागद जाळवेनात. तो ते मागच्या खोलीत, कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यामागे रचून ठेवी. दिवाळीच्या सुट्टीत दत्तोबांनी साफसफाई काढली आणि न बघता सगळी रद्दी चिक्कीच्या एका दुकानाला दिली. हवा खायला आलेल्या एका वकिलाच्या मुलीनं बंगल्याच्या व्हरांड्यात चिक्कीचा पुडा सोडला, आणि चिक्की तशीच ठेवून कागद वाचत बसली. वकीलसाहेबांनी कागद तिच्या हातून ओढून घेतला तो थेट पोलिसांत नेला. कागदाच्या तळाला छापखान्याचं नाव होतं.

पोलीस आले तेव्हा दत्तोबांनी हात वर केले. रसिकरमण कोण, मला माहीत नाही. ते खरंच होतं. मग त्यांनी अंबाजीला विचारलं.

तो म्हणाला, “म्याच त्यो.”

हे मला चार दिवसांनी कळलं. तो जामिनावर सुटून कामशेतला आला, दवाखान्याच्या मागे उभा राहिला. आणखीही एक गोष्ट कळली. माझ्या अक्षरातली सगळी पानं, सहाच्या सहा गोष्टी, त्यानं बाजारात कुणकुण लागताच, पोलीस यायच्या आत चुलीत घातली होती.

“आता तुमच्याकडं बोट दावायला कायबी ऱ्हायलं न्हाई,” तो म्हणाला. त्याला वाटलं मी सुस्कारा सोडीन.

“माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती, अंबाजी.”

त्यानं आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

“मला विचारलंत?”

“येळ न्हवता…”

“अर्ध्या तासाची गाडी आहे कामशेतला.”

“बाई, तुमची नोकरी जाईल. ऱ्हाती खोली जाईल. गावंच्या गावं तोंडात श्यान घालतील तुमच्या. मला काय, म्या गडी माणूस. लोक हसतील आन् इसरतील.” त्याचे डोळे भरले होते. “तुमी कोर्टात यायाचं न्हाई. आयकताय न्हवं?”

मी आत निघून गेले. मला त्याच्यावर जीव जडला होता, म्हणून जास्तच लागलं. हात धरताना विचारणारा हा माणूस, आणि माझं सगळं आयुष्य उचलताना त्यानं विचारलं नव्हतं.

वडगावच्या कोर्टात मी गेले. मागच्या बाकावर बसले. सरकारी वकिलांनी छापील कागद मोठ्यानं वाचला. केसांतल्या काट्यांचा तो भाग. माणसं खोकल्यासारखं करून हसत होती. एकजण म्हणाला, “गड्यानं लय अनुभव घेतलाय.” पिंजऱ्यात अंबाजी मान खाली घालून उभा होता. येसू चटईवर पडून माझ्याशी जे बोलली, त्यावर चाळीस पुरुष हसत होते आणि समजत होते की हे एका पुरुषाचे चाळे आहेत. मी उठले.

“साहेब, ही गोष्ट माझी आहे. मी लिहिली.”

आधी कुणाला समजलंच नाही. मग इतका गलका झाला की शिपायाला ओरडावं लागलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, कीव आल्यासारखं.

“बाई, तुम्ही या आरोपीच्या कोण?”

“कुणी नाही. अजून.”

“त्याला वाचवायला आलात हे दिसतंय. पण बाईमाणूस असलं लिहीत नाही, हे कोर्टालाही कळतं. तुमच्या हातचा काही कागद आहे?”

नव्हता. चुलीत गेला होता.

साहेब अंबाजीकडे वळले. “काय रे? ही बाई म्हणते ते खरं आहे?”

अंबाजीनं मान वर केली. साहेबांकडे नाहीच पाहिलं. भरल्या कोर्टात, वकील, पोलीस, दत्तोबा, सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“बाई,” तो म्हणाला. “सांगू?”

त्या एका शब्दाच्या पलीकडे माझी नोकरी होती, खोली होती, भावाच्या घरचा उंबरा होता. मला ते सगळं दिसत होतं आणि भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू.

“सांगा,” मी म्हणाले.

“खिळे म्या जुळवले,” तो साहेबांना म्हणाला. “गोष्ट बाईंची हाय. पयल्या अक्षरापास्नं.”

गोष्ट जुळवली म्हणून त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. माझ्यावर निराळा खटला भरायचा हुकूम निघाला. डॉक्टरांनी मला जामीन दिला, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेल्याचा कागदही खाली मान घालून तेच घेऊन आले. भावानं निरोप धाडला की आपल्या मुलखात, परंदवडीपासून सोमाटण्यापर्यंत, कुठेही तोंड दाखवू नकोस. बाजारात बायका मला बघून पदर पुढे ओढत. एक मात्र, मी तिची दोन बाळंतपणं केली होती, ती भाजीच्या ढिगापलीकडून हळूच म्हणाली, “बाई, त्यातलं एखादं ऱ्हायलं असलं तर वाचून दाखवाल का?” काहीच राहिलं नव्हतं. पुन्हा लिहीन म्हणाले.

पण ते नंतर. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पडवीत पुण्याच्या तुरुंगाची गाडी येईपर्यंत शिपायानं त्याला बाकावर बसवलं होतं. मी शेजारी जाऊन बसले. शिपायानं दुसरीकडे पाहिलं.

“चुकलो म्या,” अंबाजी म्हणाला.

“चुकलात.”

“रागावलाय?”

“हो.”

“किती दिस?”

“तीन महिने तरी.”

तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. बेडीमुळे डोळे पुसता येईनात. मी पदर उचलून त्याच्याकडे पाहिलं. तो समजला आणि त्यानं होकाराची मान हलवली. मग मी माझ्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, सगळ्या कोर्टादेखत.

“पत्र धाडाल?” गाडीत चढताना तो म्हणाला. “पर तितं आदी सायेब वाचत्यात म्हनं. मंग देत्यात.”

“वाचू देत,” मी म्हणाले.

खोली सोडायला मला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामशेतच्या पोस्टात गेले. पाकीट मागितलं नाही, साधं कार्ड घेतलं. तिथल्याच टेबलावर उभ्यानं लिहिलं.

‘अंबाजी, तुम्ही चुकलात, आणि मला तुम्ही हवे आहात. दोन्ही खरं आहे. सुटाल त्या दिवशी मी दाराशी उभी असेन. तुमचे दोन्ही हात मी आधी माझ्या गालांवर ठेवीन, मग गळ्यावर, मग पुढे. पुढचं लिहीत नाही ते लाजेनं नव्हे, कार्डावर जागा संपली म्हणून.’

खाली पूर्ण नावानं सही केली. धोंडाबाई गेणू गराडे.

पोस्टमास्तरांनी कार्ड हातात घेतलं. सवयीनं उलटं करून वाचायला लागले, आणि वाचतच राहिले. मागे रांगेत तीन माणसं होती. त्यांनी वर पाहावं म्हणून मी थांबले. त्यांनी पाहिलं नाही. कान लाल झाले होते त्यांचे. मग त्यांनी शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि माझ्या नावाला धक्का लागणार नाही अशा बेतानं कोपऱ्यात मारला.