दादाने धरलेली जागा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मी कोणाच्या पाया पडायला आलेलो नाही. मी फ्रिज दुरुस्त करतो. गोष्टी रचणं हे माझं काम नाही. आयुष्यात एकच रचली, आणि तिच्यामुळेच हे सगळं झालं.

यात अंधारी रात्र नाही, पडकं घर नाही.

रविवार. दुपारी तीनचा खेळ. आमच्या भागातली जुनी टॉकीज.

आम्ही चौघं होतो. माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, तो सुतार. एक चष्मेवाला, एक रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, आणि मी. नातं म्हणाल तर फक्त सिनेमाचं. दर रविवारी पिक्चर बघायचा आणि नंतर समोरच्या चहावाल्याकडे बसून त्याची चिरफाड करायची.

पण दादाचा एक नियम होता. चहा येईपर्यंत पिक्चरबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं मत लिहायचं आणि बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. मग बाई एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचणार. कोणाचं ऐकून कोणी आपलं मत फिरवू नये म्हणून हा उपद्व्याप.

दादाची चिठ्ठी न वाचताही ओळखू यायची. तो सुतारी पेन्सिलने लिहायचा, त्या चपट्या, जाड शिशाच्या. पहिल्या अर्ध्याला वेगळे मार्क, दुसऱ्या अर्ध्याला वेगळे. आणि लक्ष सगळं लाकडावर. हिरो मरत असला तरी हा लिहिणार, "दाराची बिजागरी उलट्या बाजूला आहे." चष्मेवाला म्हणायचा, याला पिक्चर नको, फर्निचरचं दुकान दाखवा.

आणखी एक नियम होता. शेवट पाहिल्याशिवाय उठायचं नाही. पिक्चर कितीही भिकार असो. ज्याने शेवट पाहिला नाही, त्याला मत द्यायचा हक्क नाही.

हा नियम मी मोडला.

त्या दिवशीच्या पिक्चरमध्ये एक म्हातारा घर विकायला काढतो आणि तासभर नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरतो. दादा रंगून गेला होता, मला जांभया येत होत्या. त्यात मागच्या गल्लीत एकाकडे जुना कॉम्प्रेसर निघाला होता, चांगल्या कंडिशनमधला. इंटरव्हलला मी म्हटलं, बाथरूमला जाऊन येतो.

दादा म्हणाला, "लवकर ये. जागा धरून ठेवतो."

ही त्याची लहानपणापासूनची सवय. तेव्हा तिकिटावर नंबर नसायचे. दादा आधी धावत आत जायचा, एका खुर्चीवर बसायचा आणि शेजारच्या खुर्चीवर हात दाबून ठेवायचा. मोठी माणसं ओरडायची, पण मी येईपर्यंत तो हात काढायचा नाही. आता तिकिटावर नंबर असतात, जागा कोण पळवणार? तरी तो म्हणायचाच.

मी सटकलो. कॉम्प्रेसर बघितला, गप्पा मारल्या. खेळ सुटायच्या वेळी परत येऊन दारात उभा राहिलो. तेवढ्यात मोबाइलवर पिक्चरचा शेवट वाचून घेतला. म्हातारा घर विकत नाही.

गर्दी बाहेर आली. बाई पाय दुखतात म्हणून दाराजवळ बसतात, चष्मेवाला सगळ्यात मागे. आम्ही दोघं भाऊ मधल्या रांगेत. त्यामुळे मी उठून गेलो हे कोणालाच दिसलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, दादा कुठे?

मला वाटलं, तो माझ्यावर चिडून मुद्दाम मागे रेंगाळतोय. म्हटलं, बाथरूमला गेलाय, येईलच. आत्ता शेजारीच तर होता.

मग आम्ही चहा सांगितला. मी चिठ्ठी लिहिली, "शेवट डोळ्यांत पाणी आणणारा. दहापैकी नऊ." डब्यात टाकली. वीस मिनिटं गेली असतील.

टॉकीजचा डोअरकीपर रस्ता ओलांडून धावत आला. म्हणाला, तुमचा माणूस उठत नाहीये.

आत दिवे लागले होते. दादा खुर्चीत टेकून बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले. पेन्सिल कानामागे तशीच. डावा हात लांब करून माझ्या खुर्चीवर ठेवलेला.

त्या खुर्च्या जुन्या आहेत. माणूस उठला की बसायची फळी स्प्रिंगने आपोआप वर जाते. माझी फळी खाली होती. दादाच्या हाताने दाबलेली.

मी तो हात उचलला. गार होता...

फळी वर गेली. खट्.

डॉक्टर म्हणाले, हृदय. इंटरव्हलनंतर कधीतरी. लगेच कोणी बघितलं असतं तर वाचले असते का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

वहिनी आल्या. रडत नव्हत्या. माझा हात धरून त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊजी, तुम्ही होतात ना शेजारी?"

मी म्हटलं, "हो वहिनी. शेवटपर्यंत होतो. त्याने हूं की चूं केलं नाही."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग हात सोडला. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं. खोटं तर खोटं, पण एका बाईला आधार मिळाला, अशी मी माझी समजूत घातली.

तीन महिने आम्ही टॉकीजकडे फिरकलो नाही. मग बाईंचाच फोन आला. म्हणाल्या, त्याला आवडलं नसतं आपण असं बंद केलेलं. आम्ही तिघं गेलो. मी माझ्याच जागी बसलो. दादाच्या जागेचंही तिकीट काढून ती रिकामी ठेवली.

पिक्चर बरा होता. चहावाल्याकडे बसलो, बाईंनी वहीच्या कागदाच्या तीन चिठ्ठ्या फाडून दिल्या. तिघांनी लिहिलं. डब्यात टाकलं.

बाईंनी पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली.

मग डब्यात हात घालून त्या थांबल्या...

चौथी होती.

त्यांनी ती वाचली नाही, नुसती टेबलावर ठेवली. जाड, चपट्या पेन्सिलीचं अक्षर.

"पहिला अर्धा: ६. जिना जुना, कठडा नवा. पटत नाही. दुसरा अर्धा:"

पुढे कोरं.

चष्मेवाल्याला वाटलं मी केलं, मला वाटलं त्याने केलं. चांगली बाचाबाची झाली. बाईंनी दोघांना गप्प केलं. म्हणाल्या, मी पस्तीस वर्षं वह्या तपासल्यात. एका पोराने दुसऱ्याचं अक्षर काढलं तर मला लांबून कळतं. हे कोणी काढलेलं नाही.

पुढच्या रविवारी डबा मी माझ्याच मांडीवर ठेवला. घरून येताना आत-बाहेरून पुसला होता. तिघांनी माझ्या डोळ्यांदेखत चिठ्ठ्या टाकल्या. मी झाकण लावलं, लगेच उघडलं.

चार.

ती जाड अक्षराची मी पटकन उचलली आणि बाई काही बोलायच्या आत खिशात घातली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. घरी बाथरूममध्ये कडी लावून वाचली.

"पहिला अर्धा: ५. कपाटाला मागची फळीच नाही. दुसरा अर्धा: वाट बघतोय."

मी तिथेच खाली बसलो. बायको बाहेरून विचारत होती, बरं आहे ना? मी म्हटलं, पोट बिघडलंय.

माझी भीती भुताची नव्हती. दादा मला काय करणार? त्याने मला कधी चापटसुद्धा मारली नाही. भीती होती वहिनींची. आज ना उद्या एखाद्या चिठ्ठीवर सगळं लिहून येईल, आणि ज्या एका वाक्यावर त्या उभ्या आहेत असं मला वाटत होतं, तेच काढून घेतलं जाईल.

आणि नेमकं बाईंनी वहिनींना चिठ्ठ्यांचं सांगून टाकलं.

वहिनींचा फोन आला. या रविवारी मी येते म्हणाल्या. मी हजार कारणं सांगितली. पिक्चर फालतू आहे, एसी बंद आहे, तुम्हाला त्रास होईल. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, तिकीट काढून ठेवा.

त्या दादाच्या जागी बसल्या. मी माझ्या जागी. पडद्यावर काय चाललं होतं मला आठवत नाही.

इंटरव्हल झाला. वहिनींना पाणी हवं होतं. मी उठलो, माझ्यामागे फळी वर गेली. खट्. तो आवाज मी नीट ऐकला, कारण आता मला तो आवाज ऐकायची सवयच लागली होती.

पाण्याची बाटली घेऊन परत आलो...

माझी फळी खाली होती.

मी विचारलं, "वहिनी, खुर्ची तुम्ही धरलीत का?"

त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात दाखवले. "नाही. का?"

मी बसलो. खालून खुर्ची गार होती, माझ्या अंगात थंडी शिरेल इतकी. एसीमुळे असेल म्हणाल तर एसी खरंच बंद होता.

चहावाल्याकडे चौघांनी चिठ्ठ्या लिहिल्या. वहिनींनी बाईंकडून डबा मागून घेतला. एकेक चिठ्ठी बाजूला ठेवत गेल्या, न वाचता. चार झाल्या. पाचवी त्यांनी दोन्ही हातांनी उघडली.

त्यांनी वाचलं, "पहिला अर्धा: ७. खिडकी चांगली केलीय. दुसरा अर्धा: धाकट्याला विचारा. तो शेवटपर्यंत होता."

माझंच वाक्य. फक्त 'होतो'चं 'होता' झालेलं.

तो टोमणा होता की दादा अजूनही मला पाठीशी घालत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्याने आयुष्यभर मला पाठीशीच घातलं. पण त्या क्षणी माझं सगळं अवसान गळालं. बाई, चष्मेवाला, चहावाला, सगळ्यांसमोर मी बोलून टाकलं. की मी नव्हतो. की इंटरव्हललाच पळालो होतो. की तो आत एकटा होता आणि मी बाहेर उभं राहून पिक्चरला नऊ मार्क दिले. मी लहान पोरासारखा रडलो, सांगायला लाज कसली.

वहिनींनी चिठ्ठीची नीट घडी केली.

"मला माहीत होतं, भाऊजी. इंटरव्हलला त्यांचा फोन आला होता. म्हणाले, धाकटा पळाला वाटतं. तू त्याला काही बोलू नकोस, लाजेल तो. येईल परत, मी जागा धरून ठेवलीये."

मी विचारलं, मग तुम्ही इतके दिवस का बोलला नाहीत?

"तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. पळालात याचा मला राग नाही. पण ते एकटे होते, हे मला माहीत होतं आणि कोणाजवळ बोलता येत नव्हतं. सगळे मला म्हणायचे, नशीब, भाऊ शेजारी होता. त्यांच्या एकटेपणावर तुम्ही मला रडूसुद्धा दिलं नाहीत."

आणि मग त्या रडल्या. पहिल्यांदा. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. आम्ही दोघं पुरुष माना खाली घालून बसलो. चहा तसाच राहिला.

त्यानंतर डब्यात जास्तीची चिठ्ठी कधी निघाली नाही. वहिनी आता दर रविवारी येतात, बाईंशेजारी दाराजवळ बसतात; दादाची जागा रिकामीच ठेवतो. चौघं लिहितो, चार निघतात. इथे संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

खुर्ची थांबलेली नाही.

इंटरव्हलला मी उठतो. फळी वर जाते. परत येतो, ती खाली असते. दर रविवारी. मी मेकॅनिक माणूस आहे, बिघाड असता तर मला सापडला असता. एकदा खेळ सुटल्यावर डोअरकीपरला सांगून ती खुर्ची मी खोलून बघितली. स्प्रिंग नव्यासारखी आहे. तेल घातलं. फळी हाताने दाबली, सोडली. खट्. खट्. एकदम ठीक.

गेल्या रविवारी मला ताप होता. मी गेलोच नाही. संध्याकाळी डोअरकीपरचा फोन आला. म्हणाला, साहेब, तुमची खुर्ची आज सुरुवातीपासून खाली आहे. खेळ सुटला, झाडलोट झाली, तरी वर जात नाही. दोघांनी मिळून ओढून बघितली... कोणीतरी वरून दाबून धरल्यासारखी आहे.

मी म्हटलं, राहू दे.

वहिनींना हे मी अजून सांगितलेलं नाही. हे दुसरं लपवणं, मला कळतंय. उद्या रविवार आहे, बहुतेक उद्या सांगेन.

ताप उतरलाय. बायको म्हणते, एखादा आठवडा नाही गेलात तर काय बिघडतं? तिला काय सांगू? जागा धरली की दादा सोडत नाही. मी येईपर्यंत त्याने कधीच हात काढलेला नाही. त्या इंटरव्हलला आता दीड वर्ष झालं.

त्याच्याकडे जायला मी जमेल तेवढा उशीर करतोय.