चौथ्या सिलिंडरची रेघ

"हिला इथे कशाला आणलंस? ग्रीस आहे, पेट्रोल आहे…" सहा वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या लेकीला बाबा एवढंच म्हणाले, आणि तेही तिच्याकडे न बघता, तिच्या कडेवरच्या चिमुकलीकडे बघून!

"इंजिन पुन्हा उभं करायला तज्ज्ञाला बोलवायचं तुम्हीच म्हणालात ना? हे इंजिन ताईइतकं कुणाला कळतं?" तिचा धाकटा भाऊ लंगडत पुढे आला. "आणि तज्ज्ञांच्याही पाळणाघराला सुट्टी असते."

तिने बाळाला बाबागाडीत बसवलं, ब्रेक दोनदा तपासला आणि स्टँडवर उलट्या टांगलेल्या इंजिनाकडे वळली. शर्यतीच्या गाडीचं ते काळीज बाबांनी उभं तारुण्य ओतून घडवलं होतं… आणि चाचणीच्या फेरीत चौथ्या सिलिंडरचा, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड निसटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला, गाडी कठड्यावर आदळली, आणि ती चालवणाऱ्या धाकट्याचा पाय कायमचा अधू झाला. इस्पितळाच्या बाकावर बाबांनी विचारलं होतं, "रॉडचे बोल्ट कुणी कसले?" आणि ती म्हणाली होती, "मी." वेदनेने तळमळणाऱ्या भावावर अपराधाचं ओझं कशाला! "माझ्या गॅरेजची पायरी चढू नकोस," हे शब्द उराशी घेऊन ती निघून गेली. इंजिनावर तेव्हा पडलेली ताडपत्री आजच निघाली होती.

बाबांचा नियम होता, बोल्ट कसला की त्यावर आपल्या रंगाची रेघ मारायची. तिची लाल, नेलपॉलिशची, धाकट्याची पांढरी. बाबांच्या नजरेस पडण्याआधी चौथ्या सिलिंडरवरची ती पांढरी रेघ पुसायची… त्यासाठीच तर ती आली होती!

तळाचं ऑइल पॅन उतरलं. पहिल्या तीन सिलिंडरवर लाल रेघा. चौथ्यावर एक बोल्ट तुटलेला, दुसऱ्यावर पांढरी! तिने थिनरचं फडकं उचललं, तोच बाळ रडू लागलं.

"तू काम कर. मी घेतो तिला," म्हणत बाबा पाठमोरे झाले. हीच वेळ!

धाकट्याने तिचं मनगट धरलं. "पुसू नकोस, ताई."

"गप्प बस रे!"

"सहा वर्षं गप्पच बसलो. बाबा, इकडे या. रेघ आधी मारून ठेवली मी, म्हटलं, कसतो मग… तेवढ्यात फोन आला आणि राहूनच गेलं. माझी चूक हिने भोगली."

बाबांनी वाकून पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. नातीने त्यांची कॉलर मुठीत धरली होती.

"मी इंजिन उघडलंच नाही…" ते तिच्याकडे वळले. "तुझी लाल रेघ बघायची हिंमत नव्हती गं माझ्यात! आणि ती रेघ इथे नव्हतीच…"

"त्याला रागावू नका, बाबा."

"त्याला? आधी मला माफ कर, पोरी!"

त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकून ती लहान मुलीसारखी रडली.

तीन आठवड्यांनी, फुटका ब्लॉक सांधून झाल्यावर, नवा रॉड बसला. बाबांनी खणातून तिची जुनी नेलपॉलिशची बाटली काढली, वाळली होती म्हणून दोन थेंब थिनर घातलं. तिने एक बोल्ट कसून लाल रेघ मारली, आणि टॉर्क पाना धाकट्याच्या हातात दिला. बोल्ट पुरता कसला गेला, पान्याने 'कट्' केलं, तशी आजोबांच्या मांडीवरची चिमुकली खुदकन हसली. त्याने पुन्हा कसून पाहिलं. पुन्हा कट्!

मग त्याचा हात बिचकत लाल बाटलीकडे गेला.

"ती नको," ती म्हणाली. "तुझी पांढरीच मार."