क्षोभ एकेचाळीस

आंबेओहळ आणि खडकमाळ या दोन गावांत अकरा वर्षं कुणी कुणाला शिवी दिली नव्हती. बैलालासुद्धा "जरा सरकता का?" असं विचारायची पद्धत पडली होती.

याचं श्रेय क्षोभमापकाला. चावडीच्या खांबावरचं हे यंत्र आवाजातला कंप आणि श्वासाची गती टिपून दोन्ही गावांतल्या घराघरांतला राग आकड्यात दाखवी. आकडा चाळिसावर गेला की कालव्याचं दार आपोआप पडून दोन्ही गावांचं पाणी तुटे. पाण्यावरून दंगल होऊन सात मुडदे पडले, तेव्हा हा उपाय निघाला. लागूही पडला. कोयते पुन्हा फक्त उसावर चालू लागले.

आज संयुक्त ग्रामसभेत शांतता-निरीक्षक खांबेटे कायमस्वरूपी शांततेचं प्रमाणपत्र घेऊन आले होते. आकडा अकरा. "कुणाला काही बोलायचंय?" त्यांनी रिवाज म्हणून विचारलं.

आंबेओहळची पारूबाई दुधाळ उठली. "मुडदे सात घावले. आठवा माझा नवरा. त्याला कुठं पुरलाय?"

सव्वीस.

"बाई, हा विषय शांततेच्या कक्षेत येत नाही."

"मग ज्या कक्षेत येतो तिथं नेऊन बसवा मला."

"वैनी, बसा की," तिच्या गावचे सरपंच कुजबुजले. "ऊस वाळंल."

"वाळू दे! अकरा वर्सं बसलेच हाय. रडायचं तर उशीत तोंड खुपसून, तुमचं पानी जाऊ नये म्हनून. आज त्याचं नाव घेनार. नामदेव धोंडी दुधाळ!"

एकोणचाळीस.

खडकमाळच्या बाजूनं साठीचा भिवा तरटे उठला. "वैनी, मला ठावं हाय."

"गप बस, भिवा!" त्याचा थोरला भाऊ ओरडला.

एकेचाळीस. लांब कालव्यावर दार धप्पकन पडलं.

"पडलं ना? आता काय भ्यायचं," भिवा म्हणाला. "जुन्या चुन्याच्या भट्टीमागं पुरलाय. म्याच पुरला. मारताना कोन कोन व्हतं, ते वाटंत सांगतो."

पारूबाईनं त्याला एक शिवी हासडली. अकरा वर्षं मुरलेली. भिवानं ती मान खाली घालून पुरी ऐकून घेतली.

"कुदळ घे," ती म्हणाली. "चल, दाखव."

ते दोघं निघाले. मागोमाग सरपंच, मग खडकमाळचे चौघे, मग भिवाला शिव्या घालत त्याचा भाऊ. पाठोपाठ सगळी सभा.

खांबेट्यांनी तालुक्याला फोन लावला. "साहेब, दोन्ही गावं कुदळी-फावडी घेऊन निघालीत. आकडा सत्त्याण्णव."

"एकमेकांच्या अंगावर?"

"नाही, एकत्र. भांडतायत, पण एकाच वाटेनं चाललेत."

साहेब म्हणाले, "खांबेटे, पोलीस पाठवतो. पण त्यांनी कुणाला कुणापासून वाचवायचं?"