गुरुराजच्या आवाजाची नोंद

"अप्पा, थोडकं बैसा. बाई येतील."

चेन्नईत येऊन मला चार महिने झाले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मराठी कानावर आलं... आणि तेही असं! शब्द आपले, चाल तमिळ. हातातल्या फायली सावरत मी थबकले. बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. त्यांच्याशेजारी उभा असलेला उंच तरुण माझ्याकडेच बघत होता.

"ती बाई मीच," मी म्हणाले. "अदिती. सांगलीची."

"मराठी?" तो इतका मोकळा हसला की मीही हसले. "अम्हीपण. तंजावरचे. मी गुरुराज. हे अप्पा, राणोजीराव."

राणोजीराव आमच्या अभ्यासातले नवे रुग्ण होते. कंपवात हातात दिसण्याआधी आवाजात ओळखता येतो का, हे आम्ही तपासत होतो. रुग्ण दर तीन महिन्यांनी यायचे, त्यांचा आवाज नोंदवायचा, औषधाने काय फरक पडला ते लिहून ठेवायचं. तुलनेसाठी घरातल्या एका निरोगी माणसाचा आवाजही लागायचा. गुरुराज लगेच तयार झाला.

"एका दमात 'आ' म्हणायचं. जमेल तितका वेळ," मी माइक त्याच्यापुढे सरकवला.

"मग कॉफी मिळते कां?"

"अभ्यासात कॉफी बसत नाही."

"अभ्यासाबाहेर?"

मी मान खाली घालून बटण दाबलं. कान मात्र तापले होते. त्याचा 'आ' सरळ रेषेसारखा निघाला – चोवीस सेकंद. पडद्यावर निरोगी आवाजाची हिरवी खूण उमटली.

ते मे महिन्यात. ऑगस्टमध्ये तो पुन्हा आला तेव्हा मी नकळत नवा कुर्ता घातला होता. आवाज किंचित बसला होता त्याचा, पण खूण हिरवीच. तो शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात मशीनवर सुपरवायझर होता. पहाटे तिरुवल्लिकेणीच्या घरून निघायचा, घरी परतून अप्पांना स्वतःच्या हाताने जेवू घालायचा. निघताना दारात थांबून म्हणाला, "तीन महिने फार होतात, बाई."

"नियम आहे."

"कुणी केला?"

"ज्याला तुम्ही माहीत नव्हता त्याने..." बोलून गेले आणि जीभ चावली.

नोव्हेंबरात बाहेर पावसाची झड लागली होती. गुरुराजने दम घेतला. "आ..." नवव्या सेकंदाला आवाज चिरकला, थरथरला, तुटला.

पडद्यावर लाल खूण.

"कसं अहे?" त्याने विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

त्याचं हसू विरलं. बाहेर बसलेल्या वडिलांकडे त्याने दारातून पाहिलं. "अप्पांसारखं?" अगदी हळू विचारलं त्याने. "अप्पांना कळता कामा नये... माझ्यासाठी ते जेवण सोडतील."

मला काहीही सांगायची परवानगी नव्हती. त्याला बाहेर बसायला सांगून मी एकटीच पडद्यासमोर राहिले. तळाशी एक चौकट होती – 'बाहेरच्या आवाजामुळे नोंद रद्द'. पाऊस पडतच होता. कुणी शंकाही घेतली नसती. एक टिचकी, आणि ती लाल खूण कधी नव्हतीच.

बोट बटणावर टेकलं होतं. खिडकी घट्ट बंद होती, नोंदीत पावसाचा थेंबही ऐकू येत नव्हता. मला ते कळत होतं, आणि तरीही बोट मागे येत नव्हतं. खरंच आजार असला तर? माझ्या एका टिचकीने त्याचे तीन महिने वाया जातील... दुसऱ्या कुठल्याही माणसासाठी मी हा विचारसुद्धा केला नसता.

मी हात मागे घेतला आणि तडक अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर विजयलक्ष्मींच्या खोलीत गेले.

"मॅडम, एक नोंद लाल आली आहे. ती मी जवळजवळ पुसणार होते."

त्यांनी चष्मा काढला. "का?"

"कारण ती... गुरुराजची आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्या म्हणाल्या, "पुसली नाहीस ना? त्याची आणि त्याच्या वडिलांची फाईल आजपासून रंजनीकडे. तू त्यातली एक ओळही बघायची नाहीस. त्याचा निकाल लागेपर्यंत त्याच्याशी बोलायचंही नाही."

तीन आठवडे! माझी सहकारी रंजनी शेजारच्याच टेबलावर बसायची. ती फाईल उघडायची तेव्हा मी खिडकीकडे तोंड करायचे. गुरुराजच्या तपासण्या होत होत्या एवढंच कळायचं. मेंदूच्या डॉक्टरांकडे, मग घशाच्या डॉक्टरांकडे. फोनवर त्याचा नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे.

शेवटी एका सकाळी रंजनी म्हणाली, "जा खाली. निकाल त्यांना सांगून झालाय. मॅडमनीच तुला पाठवायला सांगितलं."

मी जिन्यावरून धावतच उतरले. दोघं बाकावर बसले होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

गुरुराजने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. नाही... अशी. बोलला काहीच नाही.

"गुरुराज, बोला ना! काहीतरी बोला..."

तेवढ्यात राणोजीरावांनी माझ्या मनगटावर थरथरता हात ठेवला. त्यांचा आवाज आजाराने इतका खोल गेला होता की मला वाकावं लागलं.

"बैस, बाळ. कंपवात नाही अहे. घशात बारकी गाठ अहे, साधी. मशीनच्या आवाजाच्या वरतून ओरडून ओरडून झाली म्हणे. दहा दिवस एक शब्द बोलू नये, सांगितलंत." ते थांबून दम घेऊ लागले. "मला कांही सांगितलं नाही ह्याने. मी डॉक्टरांस विचारून घेतलं."

मी तिथेच बसले आणि रडले. रुमाल सापडेना तेव्हा गुरुराजने आपला पुढे केला. तो हसत होता, डोळे मात्र भरलेले.

"मी तुमची फाईल सोडली," मी कशीबशी म्हणाले. "तुमचा आवाज नोंदवणं मला आता जमणार नाही. मला तो... घरात ऐकायचा आहे. रोज. आज तुम्हाला बोलायची बंदी आहे, म्हणून मीच बोलले."

राणोजीराव एकाएकी भिंतीवरचा डोळ्यांच्या शिबिराचा फलक मन लावून वाचू लागले.

गुरुराजने फोन काढला. टाईप केलं, पुसलं, पुन्हा टाईप केलं. मग फोन माझ्यापुढे धरला – 'दहा दिवसांनी माझा पहिला शब्द ऐकायला येशील कां?'

आजवर तो मला 'तुम्ही' म्हणत आला होता.

"येईन," मी म्हणाले. "पण मधले नऊ दिवसही येणार आहे."

त्याने बोलायला तोंड उघडलं... आणि मी पटकन त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.