चौकशीला आलेला विद्यार्थी

सुरतेत लिंबायतला जाणाऱ्या शेअर रिक्षात वर्षाच्या हातातला कागद वाऱ्याने उडाला आणि शेजारच्या तरुणाने तो हवेतच झेलला.

"हे गोल काय आहे? कुंडली?"

"सायट्रिक अ‍ॅसिडचं चक्र आहे. द्या इकडे."

त्याने दिला... पण देताना हसला. हसणं गोड होतं, म्हणूनच वर्षाला संशय आला. अनोळखी माणूस उगाच कशाला गोड हसेल?

दुसऱ्या दिवशी तोच तरुण तिच्या शिकवणीत, मागच्या बाकावर! वर्षा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. त्याने नाव सांगितलं भूपेंद्र. बमरोलीच्या मिलमध्ये नोकरी; राहिलेली बारावी आता बाहेरून द्यायची म्हणे. चांगला मिशीवाला विद्यार्थी! सगळी मुलं तिला 'वर्षाबेन' म्हणत. हा पठ्ठ्या मात्र 'मॅडम'वरून हलत नव्हता. बेन म्हणायला याची जीभ का रेटत नाही?

"अ‍ॅसिटिल को-ए आत येतं," वर्षा फळ्यावर लिहीत होती, "ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट त्याला धरतं, दोघांचं सायट्रेट होतं."

"लग्नच म्हणा की," मागून आवाज आला.

"लग्न नाही. फेरी पुरी होईपर्यंत दोन कार्बन वायू होऊन निघून जातात आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट पुन्हा मोकळं होतं."

"मग एवढी फेरी मारून पेशीला मिळालं काय?"

"शक्ती. पण चक्रात थेट मिळते ती थोडीच. बाकीची एनएडीएचसारखे वाहक उचलून पुढे नेतात. तिथे ऑक्सिजनच्या मदतीने तिचं एटीपी होतं. पेशी चालते ती त्या एटीपीवर."

"म्हणजे खरं काम निरोप्याचं..." एवढं बोलून त्याने घाईने वहीत डोकं घातलं. मग वही चाळत सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मॅडम, तुमचे मामा कुठले? आडनाव काय त्यांचं?"

वर्षाच्या हातातला खडू थांबला. सायट्रेटमध्ये मामा कुठून आले? खान्देशी माणसांत सोयरीक जुळवण्याआधी मुलीची गुपचूप चौकशी होते आणि तिची सुरुवात मामापासूनच होते. बमरोलीच्या योगराजचं स्थळ वर्षाला आलेलं होतं. कापडाचं दुकान, माणसं बरी, पण लग्नानंतर शिक्षण बंद. आणि वर्षाला तर एम.एस्सी. करायचं होतं. म्हणजे हा त्यांनीच पाठवलेला!

एका परीने बरंच झालं. याने घरी वाईट सांगितलं की स्थळ आपोआप टळेल. वर्षा त्याला तोडून बोलू लागली. "डोकं घरी ठेवून येता का?" असं भर वर्गात विचारलं. तो हसायचा... आणि शिकवणी सुटल्यावर फळा पुसायला थांबायचा. आपल्याबद्दल याने वाईट बोलावं यासाठी ती झटत होती, आणि याला आपण वाईट वाटू नये म्हणून रोज आरशासमोर जास्त वेळ उभी राहत होती. आता काय म्हणावं या पोरीला!

शेवटी नकार आला. 'मुलगी आगाऊ आहे, मोठ्यांना उलट बोलते.' गल्लीत कुजबुज सुरू झाली. आई, पुष्पाबाई, पाण्याला जाताना खाली मान घालू लागली. वर्षाने आनंदाने उडी मारायला हवी होती, पण ती उशीत तोंड खुपसून रडली. त्याने असं सांगितलं?

मुलं गेल्यावर तिने त्याला दारातच गाठलं. "योगराज तुमचा कोण?"

"आतेभाऊ." तो पायांकडे बघत होता. "चौकशीला मीच आलो होतो. पण... चांगलं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्या घरी गेल्या असत्या. मला ते सोसलं नसतं, वर्षा."

पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं. तरी ती बधली नाही. "हे तरी खरं कशावरून? तुमच्या प्रेमापायी माझ्या आईची मान खाली गेली. जा, त्यांना खरं काय ते सांगा."

"सांगितलं तर त्याचा होकार येईल."

"येऊ दे. नकार द्यायला मला तोंड आहे. तुम्ही मधे पडू नका."

तो चपला घालून निघून गेला. खरं सांगेल की पळेल? दोन्ही खरं वाटत होतं.

रविवारी योगराजचे वडील घरी आले. सोबत भूपेंद्र, कान पकडून आणल्यासारखा. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मी खोटं बोललो. पोरगी सोन्यासारखी आहे. मीच तिच्या प्रेमात पडलो, म्हणून मोडता घातला." योगराजच्या वडिलांनी घसा खाकरला. "झालं गेलं ते सोडा. आमचा होकार आहे."

"माझा नाही," वर्षा म्हणाली. "मला एम.एस्सी. करायचंय."

पुष्पाबाईंनी लेकीकडे डोळे वटारले. "मंग तुले कोन पाहिजे व माय?"

वर्षाने भूपेंद्रकडे पाहिलं. आपल्याला आवडलेली मुलगी घालवायची तयारी ठेवून हा माणूस इथे उभा होता. तिचा सगळा संशय विरघळला.

"हा," ती म्हणाली. "पण दोन वर्षं थांबायला लागेल."

"थांबतो," भूपेंद्र एवढ्या घाईने म्हणाला, की योगराजच्या वडिलांनाही हसू आलं.