कोरड्या बोअरचं पोट

"आधी तू पी."

"तू मोठी ना? मान तुझा."

ताई आणि तिचा धाकटा भाऊ हातपंपाशी अडून बसले होते. धाकटा कशावरही वाद घालायचा, म्हणून घरात त्याचं नाव वकील. सुट्टीला दोघं काकांकडे आलेली, आणि खेळायला चुलत बहीण पिटुकली नव्हती. ती दवाखान्यात होती. उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, पाणी तपासा. काका म्हणाले, "आमचं पाणी जमिनीच्या पोटातलं. त्याला काय धाड भरलीय?"

वकिलाने ओंजळ नाकाशी नेली. "डिझेल. ताई, कुठंतरी पाणी मुरतंय."

"आता विनोद नको."

"विनोद नाही. खरंच मुरतंय."

लांब जावं लागलं नाही. अंगणापलीकडे काकांचं गॅरेज. इंजिन धुतलेलं काळं पाणी एका उघड्या पाइपात गडप होत होतं. ती जुनी, आटलेली बोअर. काका व्यवहाराला चोख. आयतं मिळालेलं भोक वाया कसं घालवतील?

"कोरडी आहे रे ती," काका म्हणाले. "खाली गेलं की गेलं."

एरवी तोंडाचा पट्टा सोडणाऱ्या वकिलाने काचेची बरणी आणली. तीत खडी, वाळू, अर्ध्यापर्यंत पाणी आणि खोचलेल्या दोन नळ्या.

"पाणी कुठंय, काका?"

"खड्यांच्या फटींत."

"जमिनीतही तसंच. ही आखूड नळी पाण्यापर्यंत पोचत नाही. ही तुमची कोरडी बोअर. ही लांब नळी म्हणजे हातपंप."

ताईने आखूड नळीत शाई ओतली. मग पिटुकलीच्या औषधाची पिचकारी लांब नळीला लावून ओढू लागली. पंप पाणी ओढतो, तशी रिकामी जागा भरायला आजूबाजूचं पाणी धावतं. पिचकारीत आधी स्वच्छ पाणी आलं. मग निळं.

काका त्या पिचकारीकडे बघत राहिले. "तिची पाण्याची बाटली रोज मीच भरायचो," ते म्हणाले.

त्यांनी धुलाई थांबवली, बोअरचं तोंड बंद केलं, पंपाला साखळी घातली.

"आता होईल ना साफ?" ताईने विचारलं.

"वर्षं लागतील," वकील म्हणाला. "वाळू घेते पटकन, सोडते सावकाश."

संध्याकाळी दवाखान्यात काकूने दोघांना जवळ ओढलं. "तुम्ही होतात म्हणून कळलं."

"शाबास म्हणायला हवं," काका पुटपुटले, "पण कोणत्या तोंडाने म्हणू?" त्यांनी दवाखान्यातल्या उकळलेल्या पाण्याचा पेला लेकीपुढे धरला.

पिटुकलीने तो हुंगला.

"बाबा, आधी तुम्ही प्या."